देवदाराचा चार मजली बंगला

"उंदराला बंगला बांधलास तो बांधलास, पण त्या वासाने माझं डोकं फुटायची वेळ आलीय. खिडकी उघड, नाहीतर त्या उंदरासकट तुला बाहेर काढते."

"तुला सुतारकाम कधी आवडलंय ताई? बाबा रंधा धरायचे तेव्हाही तुझं डोकंच दुखायचं."

"रंध्याने नाही दुखायचं. या लाकडाने दुखतंय."

"लाकडाला वास नसेल तर ते लाकूड कसलं. आणि येतोय कुठे एवढा? उलट उडत चाललाय."

हे दोघं बहीणभाऊ. दोघांच्या मध्ये टेबल, टेबलावर बंगला, बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर मी, आणि मला शिंकांवर शिंका. भांडण माझ्या घरावरून चाललेलं, पण मला कुणी विचारेल तर शपथ. माणसांची भांडणं अशीच असतात. ज्याचं मरण असतं त्याला सोडून सगळे बोलतात.

मी एक जुना हॅमस्टर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे दीड वर्षाचा. हसू नका. तुमच्यात दीड वर्षाचा माणूस चड्डी ओली करतो आणि घरचे टाळ्या वाजवतात. आमच्यात दीड वर्षाचा म्हणजे म्हातारा, पाठीवरची लव विरळ झालेला, दोन जगं बघून बसलेला. आणि मी उंदीर नाही. उंदराला शेपूट असतं. मला मागे नावापुरतं एक बोंड आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. काचेची पेटी, त्यात आम्ही नऊ भावंडं एकमेकांच्या अंगावर. लोक काचेला नाक लावून म्हणायचे, "किती प्रेमाने झोपलेत बघ." प्रेम कसलं डोंबलाचं, जागाच नव्हती. आम्ही एकटे राहणारे प्राणी. जरा मोठे झालो की भाऊसुद्धा शेजारी चालत नाही. माझ्या डाव्या कानाचा एक तुकडा नाहीये, तो माझ्या सख्ख्या भावाने खाल्लाय. मी त्याचं काय खाल्लं ते सांगत नाही, लहान मुलं वाचत असतील.

दुकानदार म्हणजे एक नग होता. कासव, पोपट, ससा, मी, सगळ्यांना तो एकाच डब्यातून खायला घालायचा. मला न्यायला एक मुलगी बापाबरोबर आली, दहा वर्षांची, दोन वेण्या, हातात वही. तिने विचारलं, "याला काय काय लागतं?" तर हा म्हणतो, "काही लागत नाही गं. मूठभर दाणे, वाटीभर पाणी. एका कोपऱ्यात पडून राहतो." अरे, कोपऱ्यात पडून तू राहतोस. मी रात्रभरात इतकं पळतो की तुला तेवढं चालायला सांगितलं तर मध्येच रिक्षा शोधशील.

त्याने आमच्या गळ्यात एक गुलाबी पिंजरा मारला. बुटाच्या खोक्याएवढा. आत चाक, तेही चहाच्या बशीएवढं. त्यात पळायचं म्हणजे पाठीचं धनुष्य करायचं आणि मान वर काढून आढ्याकडे बघत धावायचं. मी धावलो. दुसरं करणार काय? मुलगी बिचारी टाळ्या वाजवत होती.

पहिल्याच दिवशी मी तिच्या बोटाला चावलो. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला. तिसऱ्या दिवशी तिच्या आत्याने, म्हणजे मघाच्या त्या ताईने, मला नळाखाली धरून अंघोळ घालायचं काढलं, तेव्हा आत्याला. म्हणून माझं नाव पडलं फुटाण्या. तापला की उडतो म्हणून. तुम्हाला झोपेतून उचलून कुणी तोंडावर पाणी मारलं तर तुम्ही काय नमस्कार करता?

खाण्याचीही तीच तऱ्हा. लाडाने दुधात भिजवलेला पाव दिला. आता माझ्या दोन्ही गालांत पिशव्या आहेत. त्यात मी दाणे भरतो, बिळात नेतो, साठवतो. तुमच्या गालांत फक्त बढाया असतात, त्या चिकटत नाहीत. तो ओला पाव माझ्या पिशवीत जाऊन बसला तो बसलाच. दोन दिवस गाल सुजून टम्म. आत्या म्हणाली, "बघा, बाळसं धरलं." बाळसं.

पण एक कबूल करतो. या घरात डोकं असलेली एकच व्यक्ती, आणि ती दहा वर्षांची. पोरगी वाचनालयात गेली. एकदा नाही, सहा वेळा. वहीत उतरवून आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला. रोज दोन चमचे मिश्र धान्य, त्यात बाजरी, ओट्स, थोडा मका. नखाएवढी काकडी नाहीतर गाजर. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा कण. संत्रं, लिंबू, कांदा, लसूण, चॉकलेट, चुकूनही नाही. चावायला साधी फांदी, कारण माझे दात मरेपर्यंत वाढतात. अंघोळीला पाणी नको, ताटलीभर कोरडी वाळू. सूर्यफुलाच्या बिया, दिवसाला दोन.

तरी मी लठ्ठ होत चाललो. पोरीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मला तोललं, वही बघितली, परत तोललं. मग एक दिवस आत्याचा गाऊन धुवायला काढला तर खिशातून बियांची टरफलं पडली. मूठभर.

"आत्या, हे काय?"

"माझी आहेत. मी खाते."

"तुझे खालचे दात तर ग्लासात असतात."

आत्याने टरफलं मुठीत गोळा केली. दिवसभर मला उंदीर म्हणायचं, आणि कुणी नसताना जाळीतून एकेक बी सरकवायची. असा तिचा कारभार. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण ती माझी अक्कल होती का? लहान मुलाला विचारा गोळ्या किती हव्यात, तो नाही म्हणेल का?

आता बंगल्याकडे येतो.

पोरीचा बाप सुतार. हातात कला आहे, हे मी चावरा असूनही मानतो. पण त्याच्या हाताला काम राहिलं नव्हतं. लोकांच्या घरी खोक्यांमधून तयार कपाटं येतात, बरोबर पिशवीत मोजून स्क्रू आणि चित्रांचा कागद. हा जायचा, चित्रं बघून स्क्रू पिळायचा, परत यायचा. रंधा, पटाशी, करवत, सगळं पलंगाखाली. घरी आला की गप्प. आत्याने टोमणे मारले तरी उत्तर नाही, आणि आत्याच्या टोमण्याला उत्तर देत नाही तो माणूस आजारीच समजायचा.

पोरगी त्याला म्हणाली, "बाबा, फुटाण्याला हे घर पुरत नाही. लांबरुंद हवं. खाली वीतभर भुसा हवा, त्याला खणायचं असतं."

त्याने यातलं काय ऐकलं? घर. बाकीचं त्याच्या कानात शिरलंच नाही. त्याचे डोळे असे चमकले की पोरीला पुढचं बोलवलं नाही.

पलंगाखालून त्याने जुन्या चादरीत गुंडाळलेल्या देवदाराच्या फळ्या काढल्या. त्याच्या बापाने ठेवलेल्या. पंधरा वर्षं तशाच पडून, कारण त्यांच्या तोलामोलाचं काम आलं नव्हतं. ते आलं. मी. हौसेला मोल नसतं म्हणतात, तिला अक्कलही नसते.

त्याने अकरा संध्याकाळी काम केलं. एक खिळा नाही मारला, सगळं खाचेत खाच बसवून. चार मजले. प्रत्येक मजल्याला सज्जा. जिने असे की पायरी आगपेटीच्या काडीएवढी. खिडक्यांना जाळी, तीही कोरलेली. काम करताना शिट्टी वाजवायचा. आत्याच्या टोमण्यांना उत्तरं द्यायला लागला. पोरगी त्याच्याजवळ बसून काड्या घासायची आणि मध्येच माझ्याकडे बघायची. तिला कळत होतं. तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, हे चुकतंय. पण बाप दोन वर्षांनी शिट्टी वाजवतोय, त्याला कोण सांगणार?

मला नेऊन ठेवलं चौथ्या मजल्यावर. आता ऐका. मला वीतभरापलीकडचं धड दिसत नाही. उंची कळत नाही. मी सरळ चालत गेलो आणि सज्ज्यावरून खाली.

"बघ, कसा उडी मारतो," सुतार म्हणाला.

मी उडी मारली नव्हती. मी पडलो होतो. तो माणूस खुश.

शेजारीपाजारी बघायला यायचे. वाकून बघायचे, जाळीवरून बोट फिरवायचे. "हात आहेत की काय आहे." "आमचा देवदार बघा," सुतार म्हणायचा. "आणि यात राहतं कोण?" "आहे एक." तो एक मी. मजल्यावर बोटभर साली पसरलेल्या, त्याच फळ्यांच्या, रंध्यातून निघालेल्या, कुरळ्या. खणायला गेलो की दुसऱ्या पंजाला लाकूड लागायचं.

पण पडणं परवडलं, वास नाही. मित्रांनो, नाक हेच माझे डोळे. दाणा कुठे, पाणी कुठे, काल मी कुठे मुतलो, सगळं मी नाकाने बघतो. देवदाराचा वास तुम्हाला छान वाटतो, कपाटात, पेटीत. तुम्ही दार लावून निघून जाता. मी त्या पेटीत राहत होतो. तुमच्या डोळ्यांवर कुणी बॅटरी रोखून धरावी आणि महिनाभर विझवूच नये, तसं. दुसऱ्या आठवड्यात शिंका सुरू झाल्या. मग डोळ्याला पाणी. मग छातीत काहीतरी घरघरायला लागलं, बिघडलेल्या पंख्यासारखं.

आणि सुताराने काय करावं? तो बंगल्यात तोंड घालून हुंगायचा आणि खंतावायचा. "वास उडाला. लाकूड कोमेजलं. म्हणून करमत नसेल त्याला." मग पॉलिश पेपर घ्यायचा आणि आतून सगळे मजले घासून काढायचा. घासलं की लाकडाची नवी अंगकांती उघडी पडते, वास ताजा होतो. दर रविवारी. मी जितका आजारी, तितका तो जास्त घासायचा. शेवटी रोज घासायला लागला. इतक्या मायेने मला आजवर कुणी मारायला घेतलं नव्हतं.

आत्या डोकं धरून ओरडायची. तो समजायचा, नेहमीची कटकट.

पोरीने खिडक्या उघड्या ठेवून बघितल्या. गुपचूप साली काढून कागदाचे तुकडे घालून बघितले. त्याने कागद काढून साली घातल्या. मी खाणं टाकलं. काट्यावर माझं वजन उतरत गेलं. ती रोज वहीत आकडा लिहायची आणि पुढे काहीच लिहायची नाही. एका दुपारी तिने धीर केला.

"बाबा, याला यातून काढूया. तो मरेल."

सुताराचा हात थांबला. "तूही आत्यासारखी बोलायला लागलीस?"

एवढंच. आवाज चढवला नाही. त्याने चढवला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा असा पडला की पोरगी तिथल्या तिथे गप्प झाली. माणसांची ही खोड मला मुळीच पटत नाही. एकमेकांची मनं जपतात आणि तिसऱ्याचा जीव घेतात.

शेवटी मी एका सकाळी उठलोच नाही. म्हणजे जिवंत होतो, पण मान वर होईना. तेव्हा निघाले सगळे जनावरांच्या डॉक्टरकडे. पोरीच्या ओंजळीत मी, आत्याच्या हातात पिशवी, आणि सुताराच्या खांद्यावर, विश्वास ठेवा, बंगला. कशाला? तर डॉक्टरला कळावं, आम्ही याला कसं ठेवलंय.

बाहेर बाकावर लोक बसले होते, कुणाच्या मांडीवर कुत्रं, कुणाकडे मांजर. बंगला बघून सगळे उभे राहिले. "वा, काय काम आहे." सुतार लाजला, छाती फुगली. मी मरत होतो आणि त्याला शाबासकी मिळत होती.

डॉक्टरीणबाईंच्या दोन्ही हातांवर मांजरांचे ओरखडे. मला बाई एका नजरेत आवडल्या. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि थबकल्या.

"हे आधी बाहेर ठेवा."

"अहो, हेच त्याचं घर."

"म्हणूनच म्हणते. बाहेर ठेवा आणि ती खिडकी उघडा. किती उग्र वास आहे हा."

सुताराने आजूबाजूला बघितलं. "कसला वास?"

कुणी बोललं नाही. आत्यासुद्धा नाही, हे लक्षात ठेवा. पोरगी फरशीकडे बघत म्हणाली, "देवदाराचा, बाबा. आपल्या जिन्यापर्यंत येतो."

"उगाच काहीतरी. उडालाय तो. मी रोज घासतो तरी मला..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

बाईंनी कपाटातून कॉफीची बरणी काढली, झाकण उघडलं. "डोळे मिटा. हे काय आहे सांगा."

सुतार डोळे मिटून उभा राहिला. बराच वेळ.

"धरा ना मग," तो म्हणाला.

बरणी त्याच्या नाकाखालीच होती.

तीस वर्षं भुसा आणि पॉलिश. नाक कधी गेलं त्याचं त्यालाही कळलं नाही. तो वास घेत नव्हता, आठवत होता. बाप रंधा मारतोय आणि खोलीभर देवदार, ते त्याच्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात काहीच येत नव्हतं, म्हणून तो घासत होता.

बाईंनी मला औषध दिलं, थेंब थेंब. म्हणाल्या, वाचेल, पण छातीतली शिट्टी राहील. आणि वय झालंय, जगला तर पाच-सहा महिने. पोरीने ते वहीत लिहून घेतलं, अक्षर न बिघडवता.

घरी मला आत्याच्या कपड्यांच्या टबात ठेवलं. चांगला हातभर लांब आणि तेवढाच रुंद, वीतभराहून खोल कागदाच्या पट्ट्या आणि वाळलं गवत. मजले नाहीत, सज्जे नाहीत. चाक मोठं, पाठ सरळ राहील असं. आत्या म्हणाली, "आणि मी कपडे कुठे भिजवू? याच्या डोक्यावर?" पण टब परत मागितला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा बीळ खणलं. तीन दिवस वर आलो नाही. पोरगी रडली, मेलो समजून. मी खाली दाणे लावत होतो. दोन बिया जास्तीच्या सापडल्या. कुणी टाकल्या ते तुम्हाला माहीत आहे.

सुताराने मात्र हत्याराला हात लावला नाही. बंगला चादरीत गुंडाळून परत पलंगाखाली. स्क्रू पिळायला जायचा, यायचा, टबाजवळ उकिडवा बसायचा. माझ्याकडे नुसता बघत राहायचा. मी त्याच्याकडे पाठ करायचो. माफ कसा करू? चांगुलपणाने केलं म्हणून छाती दुखायची थांबते का? तुम्हीही ऐकून ठेवा. कुणाला घरी आणलंत तर आधी त्याला काय हवं ते बघा, मग तुमच्या हौसा काढा. त्याला बोलता येत नाही, पण तो शिंकतो, खाणं टाकतो, पडतो. याहून मोठ्याने तो काय बोलणार?

आता आजचं सांगतो. आज तो तीन फळ्या घेऊन आला. साध्या, पांढुरक्या. टेबलावर मांडल्या आणि नुसता उभा राहिला. तीस वर्षांचा कारागीर, आणि समोरचं लाकूड कोणतं बरं हे त्याला सांगता येईना.

"लाकूडवाला म्हणाला, वास नाही. पण त्याला विकायचंय," तो म्हणाला. मग बहिणीकडे न बघता, "ताई, जरा हुंग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळत होतं."

आत्याने पदराला हात पुसले. पहिली फळी हुंगली आणि बाजूला सारली. "ही नको." दुसरी बराच वेळ हुंगली, तिसरी त्याहून जास्त. पोरीनेही हुंगल्या. दोघींचं म्हणणं, या दोन्ही चालतील, काही कळत नाही.

"टब आहे की त्याला," आत्या म्हणाली. "पाच महिन्यांसाठी कशाला एवढं?"

"पाच महिने आहेत म्हणून काय कसंही राहू दे?" सुतार म्हणाला. "एकच मजला करतो. लांबरुंद. खोल." आणि पोरीकडे बघून, "बरोबर ना?"

तिने मान हलवली.

मग त्याने दोन्ही फळ्यांचे तुकडे कापले, घासले, आणि माझ्या टबात ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे. "राहायचं त्याला आहे. तो सांगेल." आता तो उकिडवा बसलाय. आत्या गॅस बंद करून आलीय. पोरीने वही उघडलीय. तिघंही श्वास धरून माझ्या बिळाच्या तोंडाकडे बघतायत, जणू आत कुणी न्यायाधीश बसलाय.

यांना थोडं ताटकळत ठेवायला मला आवडलं असतं. पण डाव्या फळीचा वास बरा वाटतोय, आणि उजवीचा अजून इथपर्यंत पोचला नाही. चावून बघावं लागेल. निघतो मी.